वाडी, विधवा सून आणि व्हेंटिलेटर

प्रश्न थोडक्यात असा. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं कॅथलिक कुटुंब. वडील ७८ वर्षांचे, आई ७२. वडिलांच्या नावावर राहतं घर, केळी-भाजीची वाडी, वाडीत विहीर, आणि थोड्या मुदत ठेवी. मुलं चार. थोरला मुलगा वारला. त्याची बायको आणि ११ वर्षांचा मुलगा सासू-सासऱ्यांजवळच राहतात आणि वाडी आता सूनच पाहते. धाकटा मुलगा कॅनडात. एक मुलगी सिस्टर, म्हणजे मठवासी नन. चौथ्या मुलीने, लग्न होऊन मिरा रोडला असलेल्या ताईंनी, हा प्रश्न विचारला आहे. वडील म्हणतात, "कागद कशाला करायचा? जमीन वडिलोपार्जित आहे, आपोआप मुलांना जाईल." दोघी बहिणी वहिनीसाठी हक्कसोड द्यायला तयार आहेत. वडिलांना फुप्फुसाचा जुना आजार आहे, "मला नळ्या लावून ठेवू नका" असं ते सांगतात. ते चर्चला चालतं का? आणि त्यांची अविवाहित बहीण, म्हणजे आत्या, देहदान करायचं म्हणते.

ताई, वडिलांचं ते वाक्य आधी घेतो, कारण सगळी गडबड तिथेच आहे.

आपल्या आजूबाजूला वाडवळ, आगरी, भंडारी. त्यांच्या वाटण्या, त्यांचे दावे आपण लहानपणापासून ऐकतो आणि तोच कायदा आपलाही असं धरून चालतो. त्यांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू आहे. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५. त्यात 'वडिलोपार्जित म्हणून मुलाचा जन्मापासून हक्क' ही गोष्टच नाही. आजोबांकडून आलेला हिस्सा असो की वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असो, ती वडिलांची स्वतःची. त्यांनी मृत्युपत्र करून ती कोणालाही द्यावी, मुलांना अडवता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. त्यांनी काहीच लिहिलं नाही तर 'आपोआप' जे होतं ते कायद्याच्या हिशोबाने होतं, घरातल्या समजुतीने होत नाही.

तुमच्या घरापुरता तो हिशोब मांडतो. मृत्युपत्र न करता पुरुष वारला आणि मागे बायको व मुलं असली, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांना समान. मुलगा-मुलगी भेद नाही. सातवी-आठवीपासून शिवण शिकवून सासरी पाठवलेल्या मुलीचा हिस्साही नांगर धरणाऱ्या भावाइतकाच. आधी वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांकडे जातो. म्हणजे आईला एक तृतीयांश, आणि नातू, कॅनडातला भाऊ, सिस्टर व तुम्ही, प्रत्येकी एक षष्ठांश.

वहिनीला किती? काही नाही.

हे मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलं. आधी वारलेल्या मुलाची विधवा या कायद्यात सासऱ्याची वारस नाही. मूल असेल तर मुलाला मिळतं, तिला नाही. मूल नसतं तर त्या फांदीला शून्य. हिंदू कायद्यात अशी सून पहिल्या वर्गाची वारस असते, म्हणून शेजारची बाई छातीठोक सांगते की "तुझा हक्क आहेच की गं", आणि आपली बाई त्यावर विसंबते. घरातून कोणी हाकलू लागलं तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहण्याचं संरक्षण मागता येतं, पण ते राहण्यापुरतं. वाडीवर मालकी त्यातून येत नाही. पहाटे उठून केळीला पाणी सोडणारी, पिलं काढणारी, घड उतरवून बाजारात धाडणारी बाई उद्या आपल्याच ११ वर्षांच्या मुलाच्या एक षष्ठांशाची राखणदार होऊन बसेल. त्यातला तुकडा विकून मुलाला शिकवायचं म्हटलं तरी अज्ञानाची मिळकत म्हणून कोर्टाची परवानगी काढावी लागेल.

म्हणून माझं उत्तर एका ओळीत सांगायचं तर: वडिलांनी मृत्युपत्र करायचं ते मुलांसाठी नाही, सुनेसाठी. मुलांना कायदा देतोच आहे.

आता तुमच्या हक्कसोडीबद्दल. मन मोठं आहे तुमचं, पण हा रस्ता इथे चालत नाही, आणि तो दोन जागी अडतो. एक, वडील हयात असताना तुमचा हक्कच जन्माला आलेला नाही. वारसाने पुढे मिळेल या आशेचं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे होत नाही. आपल्या गावांतून लग्नाच्या वेळी पोरीकडून शंभराच्या स्टँपवर "मला माहेरच्या मिळकतीत काही नको" असं लिहून घेण्याची चाल होती. त्या कागदांना किंमत नाही. दोन, वडिलांनंतर हक्कसोडपत्र करता येईल, पण ते सहहिस्सेदाराच्या लाभात असतं. वहिनी सहहिस्सेदारच नाही. तुम्ही पुतण्याच्या नावे सोडू शकाल. वहिनीला द्यायचं तर ते बक्षीसपत्र होईल, आणि नणंदेने भावजयीला दिलेल्या बक्षिसाला मुद्रांक शुल्काची सवलत नाही.

सवलत आहे ती सासऱ्याला. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंड किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. यादीत 'मयत मुलाची बायको' स्पष्ट लिहिली आहे. महापालिका हद्दीतला अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा पडतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. मग बक्षीसपत्रच का करू नये? कारण बक्षीसपत्र आजच लागू होतं. सही झाली की वडील पाहुणे. त्यांना राहण्याचा आणि उत्पन्नाचा तहहयात हक्क राखून ठेवता येतो, आणि सांभाळ करण्याची अट पत्रातच घातली तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ मदतीला येतं. अट मोडली तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. पण आईचं वय ७२ आहे, बाबांची तब्येत वरखाली होते. मी अशा घराला आयुष्यभर मालकी स्वतःकडे ठेवून मृत्युपत्र करायलाच सांगतो. मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. बक्षीसपत्र फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

मृत्युपत्रात साधारण असं बसवता येईल: घर आणि वाडी आईला हयातीपर्यंत उपभोगासाठी, विकायचा अधिकार नाही, तिच्यानंतर घराचा ठरावीक भाग आणि वाडीचा ठरावीक तुकडा वहिनीच्या मालकीचा, बाकी वाडी नातू आणि इतर मुलांत. किती कोणाला, हे वडिलांनी ठरवायचं. मी फक्त एवढं म्हणेन की वहिनीला 'राहू द्यावे' असं लिहू नका. 'राहू द्यावे' ही विनंती झाली. 'मालकी हक्काने देत आहे' असं लिहा.

विहिरीवर घरं जास्त भांडतात, जमिनीवर कमी. माझ्या पाहण्यातल्या एका मृत्युपत्रात वाडीचे तीन तुकडे नीट पाडले होते, गट नंबर, हिस्सा नंबर, हेक्टर-आर सगळं बरोबर, चतुःसीमा बरोबर. विहीर मात्र पूर्वेच्या तुकड्यात गेली आणि तिचा उल्लेखच नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भावाची भाजी करपली, पंपाचं वीजमीटर कोणाच्या नावावर यावरून पोलीस चौकी झाली. तेव्हा लिहा: विहीर सामाईक, पाण्याची पाळी कोणती, पंप आणि मीटर कोणाच्या नावावर, दुरुस्तीचा खर्च कसा, विहिरीपर्यंतची वाट किती फुटांची. वाडीला लागून बावखल (गोड्या पाण्याचं जुनं तळं) असेल तर त्यातला वाटाही लिहा, आणि ते बुजवायचं नाही हेही लिहिलंत तर पुढची पिढी दुवा देईल.

साक्षीदार दोन हवेत. दोघांनी वडिलांना सही करताना पाहिलेलं असावं, किंवा सही माझीच आहे असं वडिलांनी त्यांच्यापाशी सांगितलेलं असावं. मग दोघांनी वडिलांच्या समोर साक्षीची सही करायची. आणि इथे आपल्यासाठी एक खास खोच आहे. १९२५ च्या कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या नवऱ्या-बायकोला मृत्युपत्रात काही दिलं असेल तर ते दान फुकट जातं. मृत्युपत्र टिकतं, त्याचा वाटा उडतो. हे कलम हिंदूंच्या मृत्युपत्राला लागू नाही, म्हणून तयार नमुने विकणाऱ्या टायपिस्टला ते ठाऊक नसतं. वहिनी लाभार्थी असताना घाईत तिलाच साक्षीदार केलं, की सगळी मेहनत पाण्यात. तुमच्या मिस्टरांचीही सही नको, तुम्हाला एखादं भांडं द्यायचं असेल तरीसुद्धा. शेजारचे दोघं, वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान, आणि एक कुटुंबाचा डॉक्टर असला तर उत्तम. मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या माणसाने साक्ष केली तर मात्र चालते.

अशीच दुसरी खोच कलम ६९ ची. ख्रिस्ती माणसाने लग्न केलं की त्याचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. बाबांना याचा संबंध नाही. पण विधुर होऊन पुन्हा लग्न करणारे, किंवा गल्फला जाण्याआधी विमा-बँकेच्या सल्ल्याने मृत्युपत्र करून वर्षभराने बोहल्यावर चढणारे तरुण आपल्याकडे कमी नाहीत.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही. तरी नोंदणी करा. गावात मृत्युपत्राला पहिला आक्षेप "सही बाबांची नाही" हा असतो, आणि दुय्यम निबंधकासमोर अंगठा-फोटो झाला की त्या आक्षेपातली हवा जाते. त्याच आठवड्यातलं डॉक्टरांचं 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असं पत्र जोडा. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाकडून शाबीत करून घेण्याची, भीती अनेकांनी घातली असेल. २००२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय ख्रिश्चनांच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं राहिलेलं नाही. बँक किंवा सोसायटी तरी मागते. तेव्हा नम्रपणे लेखी कारण मागा, बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते. घरात खरंच वाद असेल तर प्रोबेट आपणहून घेतलेलं बरं.

मुदत ठेवींचं स्वतंत्र. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे देणं त्याला बंधनकारक असतं. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. बँक खात्याला आता चार नॉमिनीपर्यंत नेमता येतात. आईचं नाव लावून टाका, म्हणजे निदान दफनाच्या आठवड्यात हातात पैसा राहील.

आता सातबारा. काही जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा असतो. तो हिंदू एकत्र कुटुंबाच्या साच्यातून आलेला शेरा, आपल्या लोकांच्या उताऱ्यावर कारकुनाने सवयीने मारलेला. तो शेरा असो नसो, फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही. तलाठ्याने, आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याने, वारस नोंदीत मुलींची नावं गाळली म्हणून त्यांचा हिस्सा जात नाही.

आणि इथेच तुमच्या पत्रातली आत्या येते. तुम्ही तिला शेवटच्या ओळीत, देहदानापुरती आणलीत. मला ती सातबाऱ्यात आधी दिसते. वाडी आजोबांची होती आणि आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आत्या त्यांची मुलगी आहे, तिचा हिस्सा बाबांइतकाच. भावंडं दोनच असतील आणि आजीही गेली असेल तर निम्मी वाडी आत्याची. सातबाऱ्यावर एकट्या बाबांचं नाव असेल तरी हा प्रश्न आधी सोडवायला हवा, कारण बाबा मृत्युपत्राने फक्त स्वतःचं देऊ शकतात. आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार काढा. आत्याचं नाव तिथे होतं का, नंतर कमी झालं का, कमी झालं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने की "बहिणीने तोंडी हक्क सोडला" या एका वाक्याने, ते पाहा. तोंडी असेल तर आत्याने आज बाबांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, किंवा हिस्सा स्वतःकडे ठेवून स्वतःचं मृत्युपत्र करावं. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. आयुष्यभर भावाच्या घरात राबलेल्या अविवाहित बहिणीच्या नावावर म्हातारपणी काहीतरी असावं.

सिस्टर बहिणीबद्दल घरात नेहमी एक गैरसमज असतो, की ती मठात गेली म्हणजे वारसातून गेली. १९२५ च्या कायद्यात मठवासींना वगळणारं कलम नाही. वारस नोंदीच्या अर्जात तिचं नाव यायलाच हवं. ते लपवलं तर तो अर्ज खोटा ठरतो. तिने अंतिम व्रतं घेण्याआधी, चर्चच्या कायद्याच्या कॅनन ६६८ प्रमाणे, दिवाणी कायद्यातही चालेल असं मृत्युपत्र केलेलं असणार. त्यात तिने काय लिहिलंय ते तिलाच विचारा. तिचा हिस्सा व्रतांनुसार संस्थेकडे जाणार असेल तर संस्थेच्या वरिष्ठांशी पत्रव्यवहार करावा लागेल. म्हणूनही बाबांनी मृत्युपत्रातच तिचा प्रश्न मिटवणं सोपं. (धर्मप्रांताच्या फादरांचं असं नसतं, ते दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, त्यांची स्वतःची मिळकत असू शकते आणि त्यांनीही मृत्युपत्र करायला हवं. किती जण करतात, देव जाणे.)

कॅनडातल्या भावाने नागरिकत्व घेतलं असलं तरी वारसाने किंवा मृत्युपत्राने शेतजमीन त्याला येऊ शकते. विकत मात्र घेता येत नाही. कॅनडा जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल करारात (एका देशाचा प्रमाणित कागद दुसऱ्या देशात मानण्याचा करार) आहे, त्यामुळे तिथल्या नोटरीचं कुलमुखत्यारपत्र अपोस्टिल करून पाठवता येतं. इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर कुलमुखत्यारपत्र संपतं. बाबांनी तुम्हाला दिलेलं पत्र घेऊन बाबांच्या दफनानंतर बँकेत जाल तर तो गुन्ह्याच्या वाटेवरचा व्यवहार होईल.

पॅरिशला, म्हणजे आपल्या धर्मग्रामाच्या चर्चला, काही द्यायचं असेल तर मोकळेपणाने लिहा. पूर्वी १९२५ च्या कायद्यातल्या कलम ११८ मुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिश्चनाला धर्मदाय दान मृत्यूपूर्वी १२ महिने आधी केलेल्या मृत्युपत्रानेच करता येई. जॉन वल्लमट्टम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम रद्द केलं. जुनी पुस्तकं अजून तेच शिकवतात. पॅरिशचं नाव लोकांच्या तोंडचं नको, ऑफिसमधून कायदेशीर नाव लिहून घ्या. शेतजमीन मात्र देऊ नका: बिगरशेतकऱ्याला शेतजमीन मृत्युपत्रानेही देता येत नाही, असं कूळ कायद्याच्या कलम ६३ वर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका गुजरातच्या प्रकरणात सांगितलं, आणि तो कायदा मूळ मुंबई राज्याचाच, आपल्याकडचाही. रोख रक्कम ठेवा. मिस्सांसाठी (चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी) ठेवायची तर किती मिस्सा, कोणासाठी, हे आधी फादरांशी बोलून घ्या. 'कायमस्वरूपी दर महिन्याला एक मिस्सा' असल्या अटी पॅरिश स्वीकारेलच असं नाही.

हे वाचणाऱ्या गोवेकरांसाठी एक सूचना: वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तुमच्याकडे नवरा-बायकोची मिळकत सामाईक, आणि मुलांचा राखीव हिस्सा असल्याने मृत्युपत्राने स्वतःच्या निम्म्यापुरतंच स्वातंत्र्य. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोव्याचा अधिवास असलेल्याची मुंबईतली मिळकतही गोव्याच्याच कायद्याने जाते. गिरगावातली किंवा सांताक्रूझची खोली वेगळ्या मृत्युपत्राने देऊन टाकण्याआधी गोव्यातल्या वकिलाला गाठा.

आता नळ्यांचं. हे मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र उघडतं दफनानंतर. तेव्हा व्हेंटिलेटर लावून काढून झालेला असतो. दफन कुठे, कसं, हेही त्यात लिहिलं तर सातव्या दिवशी वाचायला मिळतं. या दोन्हींसाठी वेगळा कागद.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि जानेवारी २०२३ मध्ये सुटसुटीत केलेल्या नियमांनी नळ्यांबद्दलचा असा कागद, म्हणजे आगाऊ वैद्यकीय निर्देश, मान्य केला आहे. दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या माणसांची नावं, आणि एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले आहेत. महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारा. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातलं पहिलं वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरं मंडळ, दोघांचा होकार लागतो; प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत ठरवायचं असतं. म्हणजे एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून कोणी नळी काढत नाही, ही भीती आईला असेल तर काढून टाका.

चर्चचं म्हणणं काय? मृत्यू घडवून आणणं निषिद्ध, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचा परिच्छेद फारसा कोणी वाचत नाही. कॅटेकिझमचा (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाचा) २२७८ वा परिच्छेद सांगतो की जड, धोक्याचे, असाधारण किंवा अपेक्षित फळाच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणं रास्त आहे. तिथे मृत्यू घडवायचा नसतो, तो अडवता येत नाही हे स्वीकारायचं असतं. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे कृत्रिम श्वसनयंत्राबद्दलच हे सांगितलं होतं. वेदना शमवणारं औषध, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी, मृत्यू हा हेतू नसेल तर चालतं. अन्नपाण्याचं मात्र वेगळं. रोमने (व्हॅटिकनने) २००७ मध्ये स्पष्ट केलं की नळीने दिलेलं अन्नपाणीही तत्त्वतः साधारण सेवेतच मोडतं, शरीर ते स्वीकारत असेल तोवर. छापील नमुन्यात 'कृत्रिम पोषण बंद' असं सरसकट कलम असतं. ते तसंच उचलू नका, फादरांना आणि डॉक्टरांना एकत्र दाखवून शब्द ठरवा.

'व्हेंटिलेटर नको' एवढंच लिहिणंही बाबांच्या बाबतीत धोक्याचं आहे. फुप्फुसाच्या जुन्या रोग्याला न्यूमोनिया होतो, चार दिवस यंत्र लागतं आणि माणूस पुन्हा वाडीत येऊन बसतो. म्हणून 'बरं होण्याची वाजवी आशा नाही असं डॉक्टरांनी ठरवल्यावर' ही अट आधी, नकार नंतर. आणि त्याच कागदावर लिहा: फादरांना कधी बोलवायचं. तैलाभ्यंग (फादरांनी पवित्र तेल लावणं) हा आजाऱ्याचा साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, आहे, मेलेल्याचा नव्हे. पुन्हा आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. पापनिवेदन आणि कम्युनियन तर शुद्धीवर असतानाच. आयसीयूच्या दाराशी श्वास थांबल्यावर पॅरिशला फोन लावणारी घरं मी फार पाहिली.

दफनाचं तुम्ही विचारलं नाही, म्हणून थोडक्यात. घरची जुनी जागा सिमेंटरीत असेल तर तिची पावती शोधून ठेवा. किती वर्षांनी उघडता येते हा नियम पॅरिशगणिक वेगळा आहे. वसईच्या काही धर्मग्रामांत पॉलिश केलेल्या शवपेटीऐवजी कापडात दफन सुरू झालंय. पेटी लवकर कुजत नाही आणि जागा अडून राहते. बाबांना चालेल का ते आत्ताच विचारा, त्या दिवशी सुतार आणि नातेवाईक दोघंही तुमचं ऐकणार नाहीत. दहन १९६३ पासून चर्चला मान्य आहे. मात्र २०१६ च्या सूचनेप्रमाणे रक्षा घरात ठेवायची नाही, समुद्रात सोडायची नाही. पवित्र जागीच ठेवायची.

आत्याचं देहदानही चालतं. अवयवदानाला तर कॅटेकिझम उदात्त कृती म्हणतो. मिस्सा नेहमीसारखीच होते, देह नसला तरी. पण फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही: ऐन वेळी जवळच्या नातेवाइकांनी वैद्यकीय महाविद्यालयाला कळवावं लागतं, आणि एकाचा विरोध असला तरी ते देह घ्यायला कचरतात. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत, म्हणून देह नाकारला तरी निदान डोळे कामी यावेत यासाठी नेत्रदानाचाही फॉर्म भरून ठेवा. त्याला सहा तासांच्या आत फोन लागतो. आत्याचे जवळचे नातेवाईक बाबा, तेही ७८ चे. तेव्हा फॉर्मवर तुमची आणि सिस्टरची सही असू द्या. आणि तिचं मृत्युपत्र त्याच फेरीत उरका. दोघं भावंडं दुय्यम निबंधक कार्यालयात एकाच दिवशी गेली तर शेजारचे तेच दोन साक्षीदार दोन्ही मृत्युपत्रांना चालतील. फक्त आत्या त्यांना काही देत नाही ना, तेवढं आधी विचारून घ्या.